जुना टॅब घेऊ की नवा? स्वस्तातल्या टॅबच्या दोन पिढ्या ताडून कशा बघायच्या

"तोच टॅब आहे, मागचं मॉडेल घेऊ की नवीन?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच, आणि सोबत दोन फोटो पाठवलेले असतात ज्यात दोन्ही टॅब अगदी जुळ्या भावांसारखे दिसतात. मग मी म्हणतो की फोटो राहू दे, आधी मॉडेल नंबर पाठव. तो नंबर सांगेपर्यंत मी पुढे काहीच बोलत नाही कारण एकदा तोंडावर आपटलोय. आईसाठी टॅब घेताना नुसतं नाव बघून घेतला, घरी आल्यावर कळलं की हा त्याच नावाचा दोन पिढ्या मागचा आहे, आणि मग तीन महिन्यांत "जागा शिल्लक नाही" हा मेसेज रोजचा झाला. चूक माझीच होती, पाठीवरचा नंबर वाचायला दोन मिनिटं लागली असती.

तर पहिलं काम तेच. नावावर जाऊ नका. सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए १०.१ नावाचा टॅब २०१६ मध्ये आला आणि बरोबर त्याच नावाचा दुसरा २०१९ मध्ये आला. पहिल्याचा नंबर एसएम-टी५८०, दुसऱ्याचा एसएम-टी५१०. एकाला जुनं मायक्रो यूएसबी, दुसऱ्याला यूएसबी-सी. नाव एकच, मध्ये तीन वर्षं. लेनोवोच्या टॅब एम१० चं तर विचारूच नका, त्यात एचडी, एफएचडी प्लस, सेकंड जनरेशन, थर्ड जनरेशन, प्लस थर्ड जनरेशन असा सगळा गोतावळा आहे आणि "एम१० थर्ड जनरेशन" आणि "एम१० प्लस थर्ड जनरेशन" हे दोन वेगळे टॅब आहेत, स्क्रीनची साइझ वेगळी, प्रोसेसर वेगळा. आयपॅडवर तर "आयपॅड" एवढंच लिहिलेलं असतं, कितवा ते मागच्या बारीक अक्षरातल्या ए पासून सुरू होणाऱ्या नंबरावरून शोधायचं, ए२६०२ असेल तर नववा, ए२६९६ असेल तर दहावा (हे दोन्ही वायफायवाले). चालू टॅबवर सेटिंगमध्ये "अबाउट टॅब्लेट" मध्ये हा नंबर असतो, सीलबंद असेल तर खोक्यावरच्या स्टिकरवर असतो. ऑनलाइन घेताना विक्रेत्याने नंबर लिहिलेला नसेल तर विचारा, आणि सांगायला टाळाटाळ करत असेल तर तिथे घेऊच नका.

नंबर मिळाले की एक कागद घ्या, खरंच कागद घ्या, आणि दोन रकाने करा. आता इथे बहुतेक जण काय करतात तर दोन्ही टॅबची सगळी माहिती उतरवून काढतात, चाळीस ओळी होतात आणि डोकं गरगरायला लागतं. त्यापेक्षा जे दोन्हीकडे सारखं आहे ते लिहूच नका. फक्त बदललेलं लिहा. बऱ्याचदा पाच-सहा ओळीच उरतात आणि त्यातही खरं वजन दोन-तीन ओळींनाच असतं.

उदाहरण घेऊनच बोलू. सॅमसंगचे मोठे तीन घेऊ, टॅब ए७ (२०२०), टॅब ए८ (घोषणा डिसेंबर २०२१, हातात २०२२ ला) आणि टॅब ए९ प्लस (२०२३). बॅटरी तिन्हीत ७०४० एमएएच, चार्जिंग तिन्हीत १५ वॉट, हेडफोनचं भोक तिन्हीत आहे, फिंगरप्रिंट तिन्हीत नाही, मेमरी कार्ड तिन्हीत चालतं. हे सगळं खोडून टाका, विषय संपला. उरलं काय? स्क्रीन, प्रोसेसर, रॅम-स्टोरेज आणि अपडेट.

स्क्रीनमध्ये एक गंमत आहे. ए७ ची स्क्रीन १०.४ इंच आणि २००० x १२०० पिक्सेल. ए८ ची १०.५ इंच आणि १९२० x १२००. ए९ प्लसची ११ इंच आणि परत तेच १९२० x १२००. म्हणजे स्क्रीन वाढत गेली आणि पिक्सेल आधी कमी झाले मग तिथेच थांबले. एका इंचात किती पिक्सेल बसतात ते काढायचं असेल तर रुंदीचा वर्ग अधिक उंचीचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, आणि त्याला स्क्रीनच्या इंचाने भागायचं, मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर अर्ध्या मिनिटात होतं. ए७ ला साधारण २२४ येतं, ए८ ला २१६, ए९ प्लसला २०६. जसजसा नवीन तसतशी अक्षरं कणभर भुरकट, उलटंच की! आता २२४ आणि २०६ मधला फरक व्हिडिओ बघताना कोणाला कळणार नाही, बारीक टायपाचं पीडीएफ दिवसभर वाचणाऱ्याला कदाचित जाणवेल. पण ए९ प्लसमध्ये ९० हर्ट्झ आलं, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला ९० वेळा नव्याने उमटतं, त्याने स्क्रोल करताना पान मऊ सरकतं, आणि ते मात्र बहुतेकांना लगेच कळतं. मुद्दा असा की "नवीन म्हणजे सगळंच वरचढ" हे डोक्यातून काढा, स्वस्तातल्या टॅबमध्ये कंपनी एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने कुठेतरी वाचवते, आपल्याला तो दुसरा हात शोधायचाय.

आता प्रोसेसर, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात कारण खोक्यावर मोठ्या अक्षरात "ऑक्टाकोर" लिहिलेलं असतं.

ऑक्टाकोर म्हणजे आठ कोर, म्हणजे आठ कामगार समजा. पण कामगार कोण आहेत ते खोक्यावर लिहीत नाहीत. सॅमसंगचाच छोटा टॅब बघा, ए७ लाइट (२०२१) आणि त्याच्या जागी आलेला ए९ (२०२३). दोन्ही ८.७ इंच. दोन्ही १३४० x ८०० पिक्सेल. दोन्ही ५१०० एमएएच, दोन्ही १५ वॉट, मागचा कॅमेरा दोन्हीत ८ मेगापिक्सेल, पुढचा दोन्हीत २. आणि दोन्ही ऑक्टाकोर. कागदावर बघितलं तर माणूस म्हणेल की काहीच बदललं नाही, जुनाच घेऊ, पैसे वाचवू. पण ए७ लाइटमध्ये मीडियाटेकची हेलिओ पी२२टी आहे, तिचे आठच्या आठ कोर कॉर्टेक्स-ए५३ (हे कोरच्या डिझाइनचं नाव, टॅबच्या ए७, ए९ शी याचा संबंध नाही), हे डिझाइन २०१२ मध्ये जाहीर झालेलं, वीज वाचवायला बनवलेले हळू कोर. ए९ मध्ये हेलिओ जी९९, त्यात दोन कोर कॉर्टेक्स-ए७६ आणि सहा ए५५, शिवाय चिप १२ नॅनोमीटरवरून ६ नॅनोमीटरवर आलेली (हा आकडा जितका लहान तितकी चिपची आतली रचना बारीक आणि वीज कमी लागते). ॲप उघडणं, वेबपेज लोड होणं, कीबोर्ड वर येणं ही असली कामं एक-दोन कोरवरच पडतात, तिथे आठ हळू कोर असून उपयोग नाही, दोन तगडे पाहिजेत. म्हणून बाहेरून जुळे दिसणारे हे दोन टॅब हातात घेतले की पाच मिनिटांत वेगळे कळतात. रॅमही ३ वरून कमीत कमी ४ जीबी झाली ते वेगळंच.

आणि याच्या बरोबर उलटं प्रकरण म्हणजे मोठे ए७ आणि ए८. बाहेरून बदल दिसतो, स्क्रीन थोडी वेगळी, आकार वेगळा, नंबर वाढला. आत ए७ मध्ये स्नॅपड्रॅगन ६६२, चार तगडे कोर (कॉर्टेक्स-ए७३ वर बेतलेले) आणि चार हळू, ११ नॅनोमीटर. ए८ मध्ये युनिसॉक टी६१८, दोन ए७५ आणि सहा ए५५, १२ नॅनोमीटर. हा काही मोठा उडी मारलेला प्रकार नाही, एक कोर थोडा बरा पण तगड्या कोरांची संख्याच अर्धी. ज्याच्याकडे ए७ नीट चालू आहे त्याने ए८ वर जाण्यात काही राम नव्हता असं माझं स्पष्ट मत आहे. ए९ प्लसमध्ये स्नॅपड्रॅगन ६९५ आली, दोन ए७८ आणि ६ नॅनोमीटर, तिथे खरा फरक पडला. त्यामुळे माझी सवय अशी की लगतच्या दोन पिढ्या ताडून झाल्या की एक पिढी सोडूनही बघायचं, बऱ्याच वेळा एका पिढीत नुसता मुलामा असतो आणि खरं काम पुढच्या पिढीत झालेलं असतं.

तर प्रोसेसरसाठी करायचं एवढंच, चिपचं पूर्ण नाव शोधा आणि त्यात ए५३, ए५५ सोडून वरचे कोर किती आहेत ते बघा. एकही नसेल तर तो टॅब कितीही नवीन असो, हळूच राहणार. बेंचमार्कचे, म्हणजे गीकबेंच, अंतुतू असल्या वेग मोजणाऱ्या ॲप्सचे आकडे बघायचे तर बघा पण गीकबेंच ५ चा आकडा गीकबेंच ६ शी लावू नका, ६ वेगळ्या मोजपट्टीवर आहे, जुन्या टॅबचा रिव्ह्यू ५ वरचा आणि नव्याचा ६ वरचा असं होतं आणि लोक बिनधास्त वजाबाकी करत बसतात. अंतुतूचंही तसंच, व्हर्जन बदललं की आकडे फुगतात.

रॅमबद्दल फार बोलायची गरज नाही पण एक फसवणूक सांगायलाच पाहिजे. "८ जीबी रॅम" आणि खाली बारीक अक्षरात "४ + ४". यातली पहिली ४ खरी, दुसरी ४ म्हणजे स्टोरेजचा तुकडा कापून रॅमसारखा वापरणार. स्टोरेज हे रॅमपेक्षा कितीतरी हळू असतं त्यामुळे त्या उसन्या रॅमने वेग वाढत नाही, फार तर मागचं ॲप लगेच बंद पडत नाही एवढंच. कागदावर फक्त खरी रॅम लिहा. माझा हिशोब असा, २ जीबी असेल तर आज घेऊच नये, गुगलनेच अँड्रॉइड १३ पासून कमीत कमी २ जीबी ही अट घातलीय, म्हणजे तो टॅब अगदी उंबरठ्यावर उभा आहे. ३ जीबी म्हणजे व्हिडिओ आणि वाचनापुरतं. ४ असेल तर स्वस्तातला टॅब निवांत चालतो.

ॲमेझॉनचा फायर ७ हे रॅमचं चांगलं उदाहरण आहे. २०१५, २०१७, २०१९, तिन्ही वेळा १ जीबी रॅम. चार वर्षं तीच. मग २०२२ च्या पिढीत २ जीबी झाली, चार्जिंगचं भोक मायक्रो यूएसबीचं यूएसबी-सी झालं, कंपनीने सांगितलेला बॅटरीचा वेळ ७ तासांवरून १० तासांवर गेला. आणि स्क्रीन? १०२४ x ६००, जी २०१५ ला होती तीच २०२२ लाही. म्हणजे इथे २०१७ आणि २०१९ मध्ये निवड करणं हा वेळेचा अपव्यय आहे, तुलना करायची तर २०१९ आणि २०२२ चीच, आणि तिथे नवीन डोळे झाकून घ्यावा, अर्थात त्या स्क्रीनकडे बघायचं तर डोळे उघडावेच लागतील. (फायरवर गुगल प्लेस्टोर येत नाही, ॲमेझॉनचं स्वतःचं ॲपस्टोर असतं, तुम्हाला लागणारी ॲप्स तिथे आहेत का हे आधी बघा, हा प्रश्न पिढीचा नाहीच.)

स्टोरेजवर मात्र मी थांबणार आहे कारण आईच्या टॅबने मला हेच शिकवलं.

स्टोरेजच्या दोन गोष्टी, किती आहे आणि कसलं आहे. किती ते सगळे बघतात, तरी चुकतात. ३२ जीबी लिहिलेलं असतं, त्यातलं सिस्टीम आणि आधीपासून कोंबलेली ॲप्स दहा-पंधरा जीबी सहज खातात, आणि सिस्टीमचा अपडेट आला की ती भूक वाढतेच. मेमरी कार्ड टाकू की, असं वाटतं, पण कार्डवर फोटो आणि डाउनलोड केलेले व्हिडिओ जातात, ॲप्सचा बराचसा भाग आतच बसतो. अँड्रॉइड ६ मध्ये कार्डला आतलं स्टोरेज म्हणून जोडायची सोय आली होती पण बऱ्याच कंपन्या ती देत नाहीत, आणि दिली तरी स्वस्त कार्डाने टॅब रडत चालतो. त्यामुळे जुन्या पिढीचा ३२ आणि नव्याचा ६४ असेल तर तो फरक मी प्रोसेसरच्या फरकाएवढाच मोठा धरतो. स्टोरेज भरत आलं की टॅब नुसता भरत नाही तर हळूही होतो, हे लक्षात ठेवा.

आणि कसलं ते कोणीच बघत नाही. स्वस्त टॅबमध्ये बहुतेक ईएमएमसी नावाचं हळू स्टोरेज असतं, बऱ्यापैकी टॅबमध्ये यूएफएस नावाचं वेगवान. ईएमएमसी ५.१ ची वाट जास्तीत जास्त ४०० एमबी प्रति सेकंदाची, आणि ती एकपदरी, म्हणजे एका वेळी एक तर वाचणार नाहीतर लिहिणार. यूएफएसची वाट रुंद आणि दुपदरी, वाचणं-लिहिणं एकदम चालतं. आता तुम्ही कधी बघितलंय का, प्लेस्टोरवर ॲप्स अपडेट होत असतात आणि तेवढ्या वेळात टॅबला हात लावला तर अडकतो, दोन-दोन सेकंद काही होत नाही? लोक म्हणतात प्रोसेसर भंगार आहे, बऱ्याचदा तो बिचारा मोकळा बसलेला असतो आणि स्टोरेजच्या अरुंद वाटेवर गर्दी झालेली असते. म्हणून दोन पिढ्यांत ईएमएमसीवरून यूएफएसवर बदल झाला असेल तर त्या ओळीखाली लाल रेघ मारा. खोक्यावर हे लिहीत नाहीत, कंपनीच्या पानावरही कधी कधी नसतं, सविस्तर रिव्ह्यूत मिळतं. आणि टॅब हातात असेल तर सोपी परीक्षा म्हणजे एक मोठा गेम इन्स्टॉलला लावायचा आणि त्याच वेळी ब्राउझर उघडून चार पानं फिरवायची, जो अडखळतो तो कोण हे लगेच कळतं.

आता अपडेट. जुना टॅब स्वस्त का असतो याचं खरं उत्तर इथे आहे. अपडेटची मुदत टॅब बाजारात आला त्या दिवसापासून चालू होते, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही. सीलबंद असला तरी आतलं घड्याळ चालूच असतं. त्यामुळे गणित असं, टॅब कधी आला ते साल अधिक कंपनीने कबूल केलेली वर्षं, त्यातून आजचं साल वजा. उत्तर शून्य किंवा त्याखाली आलं तर तो टॅब फक्त व्हिडिओ प्लेयर म्हणून घ्यायचा. ए७ अँड्रॉइड १० वर आला आणि १२ वर थांबला. ए८ आला ११ वर, थांबला १४ वर. बघा, प्रोसेसरमध्ये ज्या ए८ ला मी नावं ठेवली तोच ए८ इथे दोन व्हर्जन पुढे आहे, म्हणजे नवीन घेणाऱ्यासाठी ए७ पेक्षा ए८ बरा, पण ए७ वापरणाऱ्यासाठी ए८ वर उडी मारणं व्यर्थ. एकच जोडी आणि दोन माणसांना दोन उत्तरं.

अपडेट नाही आला तर काय आकाश कोसळतं, असं विचारणारेही असतात. लगेच नाही कोसळत. ॲप्स प्लेस्टोरवरून वेगळी अपडेट होत राहतात, ब्राउझरही. पण एक दिवस ॲपवालेच म्हणतात की तुमचं अँड्रॉइड फार जुनं आहे. क्रोमने २०२५ मध्ये अँड्रॉइड ८ आणि ९ ला सोडून दिलं, आता नवीन क्रोमला किमान अँड्रॉइड १० लागतं. बँकेची ॲप्स तर त्याआधीच कुरकुर करतात, आणि सिक्युरिटी पॅच (सुरक्षेतली भोकं बुजवणारे छोटे अपडेट) बंद झालेल्या टॅबवर बँकेचं ॲप ठेवूच नये असं मी घरी सगळ्यांना सांगून ठेवलंय. सेटिंगमध्ये "सिक्युरिटी पॅच लेव्हल" अशी एक तारीख दिसते, दुकानात मांडलेल्या टॅबवरही दिसते, ती वर्षभर जुनी असेल आणि अपडेट शोधूनही काही येत नसेल तर समजून जा.

व्हिडिओसाठी टॅब घेणाऱ्यांनी अजून एक गोष्ट तपासायची, वाइडवाइन. हे गुगलचं चोरी-रोखणारं कुलूप आहे, त्याच्या पायऱ्या आहेत, एल१ असेल तर नेटफ्लिक्ससारखी ॲप्स एचडी दाखवू शकतात, एल३ असेल तर साध्या क्वालिटीवरच अडतात, मग स्क्रीन कितीही भारी असो चित्र धुरकटच दिसणार. आणि हे पिढी बदलली म्हणून आपोआप सुधारत नाही. डीआरएम इन्फो नावाचं फुकट ॲप आहे, ते टाकलं की एका ओळीत कळतं. एल१ असूनही नेटफ्लिक्सने तो टॅब यादीत घेतलेला नसेल तरी एचडी मिळत नाही, म्हणून नेटफ्लिक्सच्याच सेटिंगमध्ये प्लेबॅकची माहिती दिसते तीही बघून घ्या.

जे काढून टाकलं त्याची वेगळी यादी करा, कारण जाहिरातीत काय आलं ते सांगतात, काय गेलं ते कोणी सांगत नाही. आयपॅडचा नववा (२०२१) आणि दहावा (२०२२) घ्या. दहाव्यात स्क्रीन १०.२ ची १०.९ झाली, ए१३ ची ए१४ चिप झाली, यूएसबी-सी आलं, पुढचा कॅमेरा आडव्या बाजूच्या मध्यावर गेला म्हणजे व्हिडिओ कॉलवर आपण तिरके बघतोय असं वाटत नाही, हे खरंच छान केलं. आणि गेलं काय? हेडफोनचं भोक गेलं. होम बटण गेलं, बोटाचा ठसा वरच्या बटणात गेला, ज्यांना वर्षानुवर्षं खालचं गोल बटण दाबायची सवय आहे त्या वयस्कर माणसांना हा बदल जड जातो, हसण्यावारी नेऊ नका. जुन्या कीबोर्ड कव्हरात नवीन बसत नाही. आणि पहिल्या पिढीची पेन्सिल चालते खरी पण तिचं टोक लाइटनिंगचं आणि टॅबचं भोक यूएसबी-सीचं, म्हणून मध्ये एक अडॅप्टर लावायचा. असला कारभार. शिवाय दोन्हीत सुरुवात ६४ जीबीपासूनच आणि कार्ड टाकायची सोय आयपॅडमध्ये कधीच नव्हती, २०२५ च्या ए१६ वाल्या पिढीत ते १२८ झालं.

कव्हरचं म्हणाल तर सॅमसंगमध्येही ए७, ए८, ए९ प्लस तिन्हीचे आकार वेगळे, एकाचं कव्हर दुसऱ्याला लागत नाही. जुन्या टॅबबरोबर कव्हर, कीबोर्ड, पेन असं काही पडून असेल तर नव्याच्या खर्चात ते परत घ्यावं लागणार हे धरा. आणि मागचं मॉडेल घेत असाल तर त्याचं कव्हर, स्क्रीनगार्ड अजून मिळतंय का हे आधी शोधा, टॅबची ही जात अशी की मॉडेल बंद झालं की वर्षा-दोन वर्षांत ॲक्सेसरीज गायब होतात.

कॅमेरा सोडून द्या. स्वस्त टॅबचा कॅमेरा कागदाचा फोटो आणि व्हिडिओ कॉल यापुरताच, दोन पिढ्यांत ५ चे ८ मेगापिक्सेल झाले म्हणून कोणी निर्णय बदलू नये. जीपीएस लागत असेल तर मात्र बघा, वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, सिमवाला घ्यावा लागतो.

मागची पिढी घ्यायची ठरली तर ती नवीन सीलबंद आहे की वापरलेली, यावर पुढचं अवलंबून. सीलबंदमध्ये बॅटरीची एक गोम आहे, लिथियमची बॅटरी वापरली नाही तरी वयाने झिजते, आणि दोन-तीन वर्षं खोक्यात पडून पूर्ण रिकामी झाली असेल तर जास्तच. आल्या आल्या शंभर टक्के चार्ज करा, एकाच ब्राइटनेसवर सलग दोन तास व्हिडिओ लावा आणि किती टक्के उतरले ते लिहून ठेवा. मोठ्या टॅबमध्ये दोन तासांत पंचवीस-तीस टक्क्यांच्या वर उतरत असतील तर मी परत करेन.

वापरलेला असेल तर बॅटरीच्या आधी कुलूप बघा. जुन्या मालकाचं गुगल खातं न काढता कोणी बटणं दाबून रिसेट मारला असेल तर चालू करताना तो आधीचं खातं मागतो आणि ते नसेल तर तुमच्या हातात नुसती काच उरते. अँड्रॉइड ५.१ पासून हे आहे. विकणाऱ्याला समोर बसवून त्याच्याकडून खातं काढून घ्या, मग रिसेट, मग तुमचं खातं घालून होम स्क्रीन येईपर्यंत पैसे देऊ नका. आयपॅडला पण असंच ॲक्टिव्हेशन लॉक असतं. मग पूर्ण पांढरं चित्र लावून स्क्रीनवर डाग, पिवळे कोपरे बघा, बोट हळूहळू सगळ्या स्क्रीनवर फिरवून मध्ये कुठे रेघ तुटते का बघा, चार्जरची पिन घालून हलकेच हलवा, चार्जिंग जाऊन-येऊन होत असेल तर भोक ढिलं झालंय. मायक्रो यूएसबीवाल्या जुन्या टॅबचं हे नेहमीचं दुखणं, आणि तेवढ्यासाठी तरी मी मायक्रो यूएसबीवाला टॅब कोणाला सुचवत नाही, घरातल्या बाकी सगळ्या वस्तू यूएसबी-सीवर गेल्यावर एकट्या टॅबसाठी वेगळी वायर सांभाळत बसा कोणी सांगितलंय.

एवढं झालं की कागदावरच्या पाच-सहा ओळींपुढे तुमचं काम लिहा. पोरांचे व्हिडिओ, आजोबांचं वाचन, ऑनलाइन क्लास, जे असेल ते. जी ओळ त्या कामाला शिवत नाही ती खोडा. वाचनासाठी घेताय तर ९० हर्ट्झ खोडा पण स्क्रीनचा बारीकपणा आणि वजन ठेवा, ए८ ५०८ ग्रॅमचा आहे आणि छोटा ए९ ३३२ चा, पडल्या पडल्या तासभर धरून बघा मग कळेल. क्लाससाठी घेताय तर रॅम आणि पुढचा कॅमेरा कुठे बसवलाय ते ठेवा, ज्या टॅबचा कॅमेरा आखूड बाजूला असतो त्यात पोरगं सतत भलतीकडे बघतंय असं दिसतं. घरातल्या चार जणांनी वापरायचाय तर स्टोरेज सोडून बाकी सगळं दुय्यम.

आईसाठी दुसऱ्यांदा घेतला तेव्हा माझ्या कागदावर तीनच ओळी उरल्या होत्या, स्टोरेज दुप्पट, दोन तगडे कोर, आणि पॅचची अजून तीन वर्षं. नवाच घेतला. आईला विचारलं की फरक जाणवतो का, तर म्हणाली, "काय माहीत बाबा, पण आता तो मला सारखं काही पुसायला सांगत नाही."